डोक्यावर सेन्सर, मुठीत दलाल

माझा हात नाहीसा झाला आणि त्याच वेळी कुणीतरी तो धरला.

डोळ्यांवर काळं खोकं बांधलेलं होतं. खोक्यात हिरवं गवत, गवतात म्हैस, म्हशीखाली बादली आणि बादलीवर माझा हात, असं सगळं मला दिसत होतं. मग हात गेला. पाटीवरचं अक्षर पुसावं तसा गेला. बाहेर मात्र तोच हात कुणाच्या तरी खरखरीत पंजात होता आणि त्याच्यावर कापड पडलं होतं. माझ्या कानांवरही झाकणं होती आणि त्यांत म्हैस रेकत होती, त्यामुळे आसपास कोण आहे ते कळायला मार्ग नव्हता.

मी ओरडले नाही. परक्यानं हात धरला की बाईनं ओरडायचं असतं, पण माझ्या वयाच्या बाईचा हात कोण कशाला धरील? बिबट्या नव्हता एवढं नक्की. बिबट्या हातावर फडकं टाकत नाही.

मी गोठ्यात खोकं बांधून का बसले होते, ते आता सांगते.

पावसाळ्यात मी गोठ्यात घसरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. आळेफाट्याला नेऊन प्लास्टर घातलं. ते निघालं तेव्हा हात हाताच्या जागी होता, पण बोटं अर्ध्यावर येऊन थांबायची. भाकरी थापता येत होती, मूठ मिटत नव्हती. आणि मूठ मिटत नाही म्हणजे धार काढता येत नाही.

आमची म्हैस माझ्याशिवाय कुणाला धार काढू देत नाही. यात माया वगैरे काही नाही, तिला सवय आहे. सून बसली की ती पान्हा चोरते, मुलगा बसला की लाथ मारते. महिनाभरात दूध निम्म्यावर आलं. प्लास्टर निघाल्यावर मी एकदा बसून बघितलं. हातातनं कळ गेली, मी सड सोडला, म्हैस दचकली आणि मी पुन्हा शेणात. तेव्हापासून मुलानं मला तिच्याजवळ बसायची बंदी केली.

"आई, म्हैस इकायची," तो म्हणाला.

"म्हैस माझी हाय," मी म्हणाले. खरंच माझी आहे. तिची आजी मी माझ्या कोंबड्यांवर घेतली होती.

"तुझी हाय तर काढ धार. माझ्या डोळ्यांदेखत काढून दाखव, मी दाव्याला हात लावणार न्हाई. न्हाई जमलं तर दिवाळीनंतर दलालाला बोलावतो."

"बोलाव."

असं बोलून मी माजघरात जाऊन बसले. डॉक्टरनं एक मऊ चेंडू दिला होता, तो दाबत बसायचं. दोन दिवस दाबला आणि गल्लीतल्या पोरांना देऊन टाकला. रिकामा चेंडू दाबून त्यातनं काही निघत नाही. माणसाला कंटाळा येतो.

दिवाळीच्या सुट्टीत नात पुण्याहून आली. ती कॉम्प्युटरचं शिकते. येताना कॉलेजातनं ते खोकं मागून घेऊन आली. डोळ्यांवर बांधलं की आपण भलत्याच ठिकाणी असतो. मी बांधून बघितलं तर समुद्राच्या तळाला होते. मला पोहता येत नाही म्हणून लगेच काढून टाकलं.

"आजी, तुला चेंडूचा कंटाळा येतो ना?" नात म्हणाली. "म्हशीचा येतो का?"

"म्हशीचा कसा येईल? ती काहीतरी करती तरी."

"मग मी तुला यात म्हैसच देते. तू धार काढायची, बादली भरायची. बोटांचा व्यायाम होईल."

तिनं तशी म्हैस केली. दोन दिवसांत केली, आणि शिंगं रेडकाला येतात तशी केली. आमच्या म्हशीचं रेकणं मोबाईलवर घेऊन त्यात घातलं. पण खोक्याला माझा हात कुठं आहे हे कळत नव्हतं. त्यासाठी तिनं अंगठ्याएवढी एक काळी पट्टी आणली होती, तिला सेन्सर म्हणतात. खोक्याच्या पुढच्या अंगाला, म्हणजे माझ्या कपाळावर, ती चिकटवायची. ती आपल्याला न दिसणारा उजेड हातावर टाकते आणि हात बघते.

"मग झालं की," मी म्हणाले.

"नाही ना. सेन्सर हात बघतो, पण त्याची भाषा लॅपटॉपला कळत नाही. मधे ड्रायव्हर बसवावा लागतो. तो एक प्रोग्रॅमच असतो. याचं म्हणणं त्याला सांगतो."

"म्हणजे दलाल."

"ड्रायव्हर, आजी."

"ह्याचं त्याला सांगायचं आणि मधे बसायचं. तो दलालच. बाजारात जाऊन बघ."

मग मी तिला बाजारातला दलाल सांगितला. जनावराच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. चार माणसं ऐकतात, नाट लागतो. दलाल खांद्यावरचं उपरणं आपल्या आणि तुमच्या हातावर टाकतो आणि खालून बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा आवळला की पाच. हजारात की दहा हजारांत ते दोघांनाही माहीत असतं. पंजा आवळून सोडला आणि पुन्हा आवळला की दहा. वरनं बघणाऱ्याला काही कळत नाही. दलाल दुसऱ्याकडे जातो, पुन्हा उपरणं, पुन्हा बोटं. असं दोघांच्या मधे फिरून तो म्हैस विकतो.

नातीला हे फार आवडलं. पण पुढचे तीन-चार दिवस तिचा ड्रायव्हर बसेना तेव्हा तीच म्हणाली, "तुमच्या दलालाला हात न बघता कळतो. माझ्याला बघूनही कळेना."

झालं होतं असं की तिच्या लॅपटॉपवर आधीच एक जुना ड्रायव्हर होता, मैत्रिणीनं कधीतरी टाकलेला. नवा टाकायचा तर जुना काढावा लागतो. जुना काढला तरी त्याची मुळं आत राहतात, हरळीसारखी. ती पुन्हा पुन्हा काढायची, लॅपटॉप बंद करून चालू करायची आणि पुन्हा तेच इंग्रजी यायचं, की यंत्र सापडत नाही. यंत्र माझ्या मांडीवर होतं.

"हितं हाय म्हणावं त्याला," मी म्हणाले.

"आजी, गप बस ना जरा."

मग नवा ड्रायव्हर उतरवून घ्यायचा होता. आमच्या घरात रेंज येत नाही. आमच्या डिंगोरे गावात कुठं कुठं चांगली येते, आमच्याकडे पाण्याच्या टाकीवर तेवढी येते. पोरगी लॅपटॉप घेऊन टाकीवर चढली आणि गुडघ्यात मान घालून बसली. शेजारीण कपडे वाळत घालत होती, तिनं ते बघितलं.

"आगं खाली ये गं बाय!" ती ओरडायला लागली. "आईबापाला समजावू आपण! त्याच्याशीच लगीन लावून देत्याल, पण खाली ये!"

सून चुलीपुढनं पिठाच्या हातानं पळत आली. "काय झालं? कोण हाय त्यो?"

"कोण न्हाई," मी ओसरीवरनं म्हणाले. "ती मशिनीसाठी दलाल शोधतीया."

सुनेनं माझ्याकडे असं बघितलं की मीच टाकीवर चढायला हवं होतं. सुनेचा या सगळ्यावर राग होताच. पोरगी सुट्टीपुरती आलेली, तिनं आईजवळ बसावं, करंज्या कराव्यात, ते सोडून ती आजीचा हात मोजत बसलेली. शिवाय म्हैस विकली तर शेणघाण सुनेची कमी होणार होती. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण म्हैस माझी होती.

नवा ड्रायव्हर बसला. सेन्सरवर बारीक हिरवा दिवा लागला आणि नातीनं एवढी मोठी हाळी दिली की कुत्रं भुंकायला लागलं. लॅपटॉपवर माझा हात दिसला, पण नुसती हाडं. मेल्यावर सरणातनं वेचतील ती मी आधीच बघून घेतली. चांगली जाड आहेत.

अंगणात बसून खोकं बांधलं तर हात दिसेना. उन्हात सेन्सर आंधळा होतो असं निघालं, घुबडासारखा. घरात बसावं तर सुनेनं फराळाचा पसारा मांडलेला. म्हणून गोठा. बिबट्यामुळं आम्ही गोठ्याला चहूबाजूंनी जाळी मारून घेतली आहे, तिच्यावर नातीनं कांद्यावर टाकायची ताडपत्री बांधली. आत अंधार झाला. एका कोपऱ्यात म्हैस, एका कोपऱ्यात पालथ्या घमेल्यावर लॅपटॉप आणि मधे पाटावर मी.

तिथं हात दिसला, पण उलटा. उजवा हात डावा होऊन आला, अंगठा बाहेरच्या बाजूला.

"ह्यो माझा न्हाई," मी म्हणाले.

नात पुन्हा त्या ड्रायव्हरच्या पोटात शिरली. शेवटी तिला सापडलं. हा सेन्सर टेबलावरही ठेवता येतो आणि डोक्यावरही बांधता येतो, आणि कुठं आहे ते त्याला सांगावं लागतं. आम्ही सांगितलंच नव्हतं. तो आपण टेबलावर उताणे पडून आढ्याकडे बघतोय असं धरून चालला होता. एका चौकोनात बरोबरची खूण केली आणि माझा अंगठा जागेवर आला. माझे सासरे शेवटच्या वर्षी खाटेवर पडून बैल हाकायचे. त्यांच्यासाठी असा काही चौकोन नव्हता.

मग मी रोज गोठ्यात बसून खोट्या म्हशीची धार काढायला लागले. नाकाला खऱ्या म्हशीचा वास, डोळ्यांना खोटी म्हैस. वासामुळे बरंचसं खरं वाटायचं. पण बादली काही भरेना. नातीनं तिथं अशी अट घातली होती की बोटांची टोकं तळव्याला टेकली की मूठ मिटली असं धरायचं, तेव्हाच दूध येणार. माझी बोटं तिथवर जात नव्हती. अर्ध्यात थांबायची आणि खोटी म्हैस ढिम्म उभी.

हात मधेच दिसेनासाही व्हायचा. नातीनं शिकवून ठेवलं होतं, "हात गेला की घाबरायचं नाही. तिथंच ठेवायचा आणि मूठ जोरात उघड-मीट करायची. सेन्सर पुन्हा धरतो."

एकदा तिला माझी दया आली. "आजी, मी अट थोडी सैल करते. अर्धी मूठ झाली की दूध येऊ दे."

"म्हशीला सांगता येतं का असं?" मी विचारलं. "की बाई, अर्ध्याला पूर्ण समज?"

"अगं पण तुला हुरूप येईल."

"हुरूप काय करायचाय? तुझा बाप खऱ्या म्हशीखाली बसवणार हाय मला."

तिनं अट तशीच ठेवली. मला वाटलं मी शहाणपणाचं बोलले.

दिवाळी सरली. मुलानं दलालाला रविवारचं सांगितलं होतं, पण त्याला पारगावकडचं गिऱ्हाईक मिळालं आणि तो शुक्रवारीच दुपारी त्याला घेऊन आला. हे मला कुणी सांगितलं नाही. मी गोठ्यात पाटावर बसलेली. नात म्हणाली, "लॅपटॉपची बॅटरी संपत आलीय, चार्जर घेऊन येते. हात असाच पुढं धर, हलू नकोस." ती गेली. मी डोळ्यांवर खोकं, कानांवर झाकणं आणि हात पुढं, अशी बसून राहिले.

आणि मग, सुरुवातीला सांगितलं तसं, माझा हात गेला.

खरखरीत हात लागला तेव्हा मला वाटलं सून असेल. तिचाही हात कामानं खरखरीत झालेला आहे. फटीतनं ऊन येतंय म्हणून नातीनं तिला माझ्या हातावर फडकं धरायला सांगितलं असेल, असं मी धरलं. हात गेला की काय करायचं ते मला पाठ होतं. मूठ जोरात उघड-मीट करायची.

मी मूठ आवळली. सुनेचा हात समजून थोडी जास्तच आवळली.

सोडली. पुन्हा आवळली. हात काही दिसेना. पुन्हा सोडली, पुन्हा आवळली. आतला हात सुटायला बघत होता, पण मी सोडते कशाला, नातीनं तिथंच ठेवायला सांगितलं होतं. माझं एकीकडे चालूच होतं, "आलास का? आलास का? ये की मुडद्या, किती वाट बघू?"

मग कुणीतरी माझ्या कानावरचं झाकण उचललं आणि मुलाचा आवाज आला.

"आई! सोड त्यांना!"

मी खोकं वर केलं. पुढ्यात दलाल उकिडवा बसलेला. आमच्या भागातला जुना माणूस, मी त्याला मिसरूड फुटायच्या आधीपासून ओळखते. आमच्या दोघांच्या हातांवर त्याचं उपरणं. त्याच्या कपाळाला घाम आलेला.

"मावशी," तो म्हणाला, "तोंडानं सांगायचं, बोटं कशापायी मोडता?"

"तू काय करतुयास हितं?"

"म्हटलं मोतीबिंदू काढलाय, त्यात डोळं बांधल्यात. पर हात पुढं केलाय म्हंजे भाव करायचाय. मालकीण तुमी. म्हून टाकलं उपरणं."

"मग?"

"मग काय! पयला पंजा. म्हटलं ठीक. दुसरा पंजा. म्हटलं चला, हौशी बाई हाय. मग तिसरा, चौथा, पाचवा! मी सोडवून घ्यायला बघतोय तर आनखी पंजा!" तो मुलाकडे वळला. "राव, तुझी आई म्हैस इकत न्हाई. हत्ती इकती."

मुलगा कपाळाला हात लावून उभा राहिला. नात चार्जर हातात घेऊन दारात आली होती. तिला आधी काय झालं ते कळेना. मग तिनं दलालाचा हात बघितला. त्याच्या बोटांवर माझ्या बोटांचे वळ उठले होते, सगळे, करंगळीसकट.

"आजी," ती म्हणाली, "तू मूठ मिटलीस."

"कुठं मिटली? मधे ह्याची बोटं व्हती."

बोलले आणि मलाच चमकल्यासारखं झालं. धार काढताना मधे सड असतो. बोटं तळव्याला टेकतातच कुठं? जन्मभर धार काढली, पण रिकामी मूठ आणि सड धरलेली मूठ यांत फरक असतो हे मला सुचलं नाही. नातीनं रिकामी मूठ मोजली आणि मी तिला ती अट सैल करू दिली नाही, वर ज्ञान शिकवलं. आम्ही दोघी मिळून तीन आठवडे एका अशा मुठीसाठी खपलो जी कुठल्याच म्हशीला लागत नाही.

पारगावचा पाहुणा इतका वेळ मागंच होता. पांढरी टोपी, हातात काठी, म्हशीकडे एकटक बघत उभा. आता तो पुढं आला.

"एवढं मागत्यात म्हंजे म्हशीत काय तरी आसंल," तो म्हणाला.

"काय न्हाई हो पावणं," मुलगा म्हणाला, "ती आपली चुकून..."

"चुकून कोन एवढं मागतं? धार दाखवा. धार बघून बोलू."

मुलानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं मला कळत होतं. त्या भावाच्या निम्म्यानंसुद्धा म्हैस गेली तर त्याला नको नव्हतं. पण त्यानं शब्द दिला होता, डोळ्यांदेखत धार काढली तर दाव्याला हात लावणार नाही. आणि नाही जमली तर भाव मिळो न मिळो, म्हैस जाणार.

"बादली आण," मी नातीला म्हणाले.

पाट म्हशीजवळ ओढला. कास धुतली. म्हशीनं मान वळवून बघितलं, मी खोकं कपाळावर तसंच सरकवलेलं होतं, तिला ते आवडलं नाही. मी ते काढून नातीकडे दिलं. डाव्या हातानं एक सड धरला, उजव्या हातानं दुसरा, आणि दलालाचा हात आवळला होता तसाच आवळला. कळ आली. मनगटापासून कोपरापर्यंत आली. दाबून ठेवली. बादलीच्या बुडावर धार वाजली.

डाव्या हाताची धार जाड, उजव्या हाताची बारीक, पण येत होती. म्हशीनं पान्हा सोडला. फेस चढायला लागला. पाहुणा वाकून वाकून बघायला लागला आणि दलाल दुखरी बोटं झटकत त्याच्या कानाला लागला. मला ऐकू येत होतं. "बघा, जुन्या वळनाची म्हैस हाय. म्हातारी उगा मागत न्हाई." इतक्यात त्याची बाजूही बदलली होती.

बादली अर्ध्याच्या वर गेली. मुलगा एकदा म्हशीकडे आणि एकदा पाहुण्याच्या खिशाकडे बघत होता. मला पहिल्यांदा भीती वाटली. धार निघत नव्हती तोवर म्हैस स्वस्तात जाण्याची भीती होती. आता धार निघाली म्हणून महागात जाण्याची होती.

तेवढ्यात नातीनं मदत केली. मदत करायची म्हणून नाही. तिला लॅपटॉपची काळजी, बॅटरी संपत आलेली. तिनं खोक्याची कानांची वायर ओढून काढली. वायर निघाली तसा आत कानांत चाललेला आवाज लॅपटॉपच्या पोटातनं बाहेर पडला. आमच्या म्हशीचं रेकणं, मोठ्यानं, कोपऱ्यातल्या घमेल्यावरनं.

म्हशीनं आपलाच आवाज पाठीमागनं ऐकला. गोठ्यात दुसरी म्हैस शिरली असं तिला वाटलं असेल. तिनं मागचा पाय उचलला आणि लाथ मारली. बादली उडाली, जाळीवर आपटली, दूध पाहुण्याच्या धोतरावर गेलं. मी बाजूला सरकले होते. त्या म्हशीचा पाय कधी उठतो ते मला कळतं.

पाहुणा भिजलेलं धोतर धरून दाराकडे निघाला.

"लाथाळ हाय," तो म्हणाला.

"आवो न्हाई पावणं," दलाल त्याच्यामागं धावला, "ती लाथाळ न्हाई. तिनं सोताचाच आवाज ऐकला!"

"आं?"

"म्हंजे तिचा आवाज त्या डब्यात..." दलाल थांबला. जन्म गेला त्याचा म्हशींची बाजू सांगण्यात, पण ही त्याला सांगता येईना. त्यानं नातीकडे बघितलं. नात सांगायला लागली, की त्यात सेन्सर असतो, सेन्सर हात बघतो, मग मधे ड्रायव्हर असतो. पाहुणा तोवर रस्त्याला लागला होता.

दलालानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "मावशी, पुढल्या वख्ताला म्हैस इकायची आसंल तर फोन करा," तो म्हणाला. "मी घरी येनार न्हाई."

चहा घेऊनच गेला.

मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. दावं त्यानं सोडलं नाही, शब्द पाळला. पण जेवताना मधेच मान हलवायचा, म्हणजे तो हिशेब त्याच्या डोक्यातनं जात नव्हता. सुनेला मी सांगितलं नाही की मी तिचा हात समजून आवळला होता. तिनं स्वतःहून विचारलं.

"आत्या, एवढा जोर आला कुठनं?"

"असाच," मी म्हणाले.

"आसाच म्हंजे?"

"करंज्या चांगल्या झाल्यात," मी म्हणाले. ती काय समजायची ते समजली.

नातीनं जायच्या आधी मला मक्याचं बुरकुंड, म्हणजे दाणे सोललेलं कणीस, हातात धरून खोक्यात बघायला लावलं. म्हणाली, सडासारखं मधे काहीतरी असायला हवं. पण हातात बुरकुंड असलं की सेन्सरला हात ओळखू येईना. मी म्हटलं, राहू दे, आता खरी म्हैस आहे. तिनं पट्टी सोडवली, खोकं डब्यात घातलं आणि कॉलेजला परत नेलं.

आता रोज दोन्ही वेळा मी धार काढते. उजव्या हाताची धार अजून बारीकच आहे.

त्या दुपारी गोठ्यात मी, मुलगा, नात, दलाल, पारगावचा पाहुणा आणि म्हैस एवढे होतो. सगळे धड आहोत. बादली फुटली.